तुर्की लीगचे जुने शर्ट घेताना: आधी तारे मोजा, टॅग नंतर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे श्टुटगार्टला नोकरी करतात. ऑफिसमधल्या तुर्की मित्रांबरोबर मॅच बघता बघता इस्तंबूलच्या गालातासराय या फुटबॉल क्लबचा नाद लागला. क्लाइनआनत्सायगन या जर्मनीतल्या जुन्या वस्तूंच्या साइटवर एक जाहिरात दिसली: ‘२००० च्या यूएफा कप फायनलचा मूळ शर्ट, मागे हाजी १०, एकदाच घातलेला, ९० युरो.’ फोटोत आतलं लेबल कापलेलं आहे, लोगोच्या वर तीन तारे आहेत. घ्यावा का? आणि पुढे इस्तंबूलला जाणं होणार आहे, तर तिथे जुने शर्ट कुठे आणि कसे बघावेत?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: घेऊ नका. लेबल कापलंय हे त्याचं कारण नाही. बरेच लोक मानेला टोचतं म्हणून लेबल कापून टाकतात, मीही कापलेली आहेत. कारण आहे ते तीन तारे.

तुर्कीत पाच लीग विजेतेपदांमागे एक तारा मिळतो. गालातासरायचं पंधरावं विजेतेपद २००१-०२ च्या हंगामातलं, म्हणजे तिसरा तारा त्यानंतरच्या शर्टांवर आला. जाहिरातीतली यूएफा कपची फायनल, कोपनहेगनला आर्सेनलला पेनल्टीवर हरवलेली, १७ मे २००० ची. गालातासरायचा तेव्हाचा १० नंबर गेओर्गे हाजी २००१ मध्ये निवृत्त झाला. तेव्हा हाजीचं नाव आणि तीन तारे एकाच शर्टवर असतील, तर तो त्याच्या काळातला शर्ट असूच शकत नाही. नंतरच्या एखाद्या शर्टवर कुणीतरी हौसेने नाव छापून घेतलंय, नाहीतर बाजारातली नक्कल आहे. दोन्हीचे ९० युरो होत नाहीत.

तुर्की शर्ट तपासायची माझी पद्धत सगळी यावरच उभी आहे. एका शर्टवर पाच-सहा गोष्टी स्वतंत्रपणे आपला हंगाम सांगत असतात: तारे, कंपनी, छातीवरचा प्रायोजक, बाहीवरचा बिल्ला, खेळाडूचं नाव आणि त्याचा नंबर. या सगळ्यांनी एकच हंगाम सांगितला पाहिजे. एकाने जरी वेगळं सांगितलं तर विक्रेत्याला प्रश्न विचारायचा. नकली माल करणारे कापड आणि रंग छान जमवतात, पण हंगामाचा अभ्यास करत बसत नाहीत.

ताऱ्यांचं वेळापत्रक एकदा पाठ करून ठेवा. गालातासरायचे तीन तारे २००२ पासून. चौथा तारा विसाव्या विजेतेपदानंतर, म्हणजे २०१५-१६ पासून. पाचवा २०२५-२६ पासून, कारण पंचविसावं विजेतेपद २०२४-२५ चं. फेनेरबाह्चेला तिसरा तारा २००४ च्या विजेतेपदाने मिळाला. बेशिक्ताशला तिसऱ्या ताऱ्यासाठी २०१७ पर्यंत थांबावं लागलं. त्राब्झोनस्पोरकडे सात विजेतेपदं आणि एकच तारा. फेनेरबाह्चेच्या अलीकडच्या शर्टांवर पाच तारे दिसले तर मात्र लगेच नकली म्हणू नका. १९५९ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू होण्याआधीची विजेतेपदंही मोजा, असा क्लबचा दावा आहे आणि त्या हिशोबाने त्यांनी पाच तारे लावले. यावर तुर्की माणसाशी चर्चा सुरू करू नका, चहा गार होईल.

बाहीवरचा बिल्ला हा दुसरा साक्षीदार. वरच्या लीगचं नाव २००१ मध्ये ‘सुपर लीग’ झालं. पुढे त्याला प्रायोजकांची नावं जोडली गेली: २००५-०६ ते २००९-१० ती ‘तुर्कसेल सुपर लीग’ होती, २०१०-११ पासून बरीच वर्षं ‘स्पोर टोटो’ आणि २०२३-२४ पासून ‘ट्रेंडयोल’. बिल्ला नसला तर काही बिघडत नाही, दुकानातून विकलेल्या कितीतरी शर्टांवर तो नसतोच. पण असेल तर तो बरोबर वर्षाचा हवा.

नंबरांचंही तसंच. वेस्ली स्नायडर जानेवारी २०१३ मध्ये गालातासरायला आला तेव्हा १० नंबर फेलिपे मेलोकडे होता, म्हणून त्या अर्ध्या हंगामात स्नायडर १४ नंबर घालून खेळला. १० त्याला पुढच्या हंगामात मिळाला. त्यामुळे २०१२-१३ च्या डिझाइनवर ‘स्नायडर १४’ बघितलं की मी लगेच फोटो मोठा करून बघतो, कारण नकली करणारा सहसा १० च छापतो. माउरो इकार्दी पहिल्या हंगामात, २०२२-२३ मध्ये, ९९ नंबरचा होता आणि नंतर ९ चा झाला. ओसिमेनचा ४५ कायम आहे, पण २०२४-२५ चा शर्ट नाइकीचा आणि चार ताऱ्यांचा, तर २०२५-२६ चा पुमाचा आणि पाच ताऱ्यांचा. इकार्दी आणि ओसिमेन यांच्या नावाचा नकली माल सध्या इतका आहे की या दोघांचे शर्ट मी पावती असल्याशिवाय बघतही नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा, उगाच चांगला शर्ट सोडू नका. गालातासरायचा हाकान शुक्युर २००० मध्ये इटलीच्या इंटर क्लबला गेला, पण २००३ मध्ये परत आला आणि २००८ पर्यंत खेळला. म्हणून ‘हाकान शुक्युर ९’ आणि तीन तारे हे एकत्र अगदी खरं असू शकतं.

पाठीवरच्या नावाबद्दल एक गंमत. तुर्कीत खेळाडूला पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत, त्यामुळे जुन्या शर्टांवर अनेकदा आडनाव नसतं: आर्दा, वोल्कान, सेल्चुक असंच छापलेलं असतं. आडनाव घेणं बंधनकारक करणारा कायदाच तिथे १९३४ चा. तेव्हा पाठीवर नुसतं पहिलं नाव आहे म्हणून शंका घेऊ नका. शंका घ्या ती अक्षरांच्या शेपट्यांवर. तुर्की लिपीत ‘श’ आणि ‘च’ या उच्चारांच्या अक्षरांखाली छोटी शेपटी असते, एका ‘ग’ वर वाटी असते, आणि मोठ्या ‘आय’ वर टिंब असणं आणि नसणं ही दोन वेगळी अक्षरं आहेत. क्लबच्या दुकानात छापलेल्या तुर्की नावाची शेपटी गळत नाही. बाहेरदेशी छापलेल्या नकलेत ती हमखास गळते.

आता शर्ट हातात आल्यावर काय बघायचं. सगळ्यात आधी पाठीवरचा नंबर. शर्ट खिडकीकडे धरा, सरळ नाही, तिरका. नंबर नंतर छापून घेतला असेल तर गरम प्रेसचा चौकोन कापडावर उमटलेला दिसतो: नंबराच्या भोवती हातभर जागेत कापड जरासं चपटं आणि चकचकीत झालेलं असतं. जुना शर्ट आणि ताजा चौकोन म्हणजे नाव अलीकडे चढवलंय. कधी कधी याच्या उलट दिसतं, आधीचं नाव काढून दुसरं लावलेलं, आणि तिरक्या उजेडात जुन्या अक्षरांची सावली वाचता येते. मग छातीवरच्या प्रायोजकाच्या छपाईला पडलेल्या भेगा आणि पाठीवरच्या नंबराच्या भेगा ताडून बघा. दोन्ही एकत्रच धुतले गेलेत, तर म्हातारपणही साधारण एकत्रच यायला हवं. छाती पार तडकलेली आणि पाठ नवीकोरी असेल तर उत्तर मिळालंच. नव्वदच्या दशकातल्या नंबरांचा पोत बऱ्याचदा मखमली असतो, बोटाने लव लागते. गुळगुळीत प्लास्टिकचा नंबर दिसला तर विचारा.

मग शर्ट उलटा करून क्लबच्या लोगोची मागची बाजू. भरतकाम असेल तर मागे कागदी अस्तर नीट कापलेलं असतं. नकलेत दोऱ्यांचा गुंता लोंबत असतो आणि एका अक्षरातून दुसऱ्या अक्षरात गेलेला दोरा तसाच सोडलेला असतो. बेशिक्ताशच्या लोगोत तुर्कीचा झेंडा आहे. त्यातला चंद्र आणि तारा इतके लहान असतात की स्वस्त मशीनवर ते नीट उठत नाहीत, तिथे भिंग लावाच.

टॅग यानंतर. नाइकीच्या शर्टात धुण्याच्या सूचनांजवळ एक छोटी पांढरी पट्टी असते. तिच्यावर सहा अक्षर-अंकांचा कोड, रेघ आणि आणखी तीन अंक. आधीच्या काळातल्या पट्ट्यांवर हंगामाची खूणही असते, दोन अक्षरं आणि वर्षाचे दोन अंक. आदिदासचा कोड सहा जागांचा, आणि २००० नंतरच्या लेबलवर बहुधा उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. तो कोड इंटरनेटवर टाका. तोच शर्ट समोर आला पाहिजे. नकली कारखाना एकच पट्टी हजारो शर्टांना शिवतो, त्यामुळे गालातासरायच्या शर्टचा कोड टाकल्यावर भलत्याच देशाच्या संघाची ट्रॅकपँट निघते. कोड जुळला तरी काम झालं असं नाही, कारण खरा कोड कॉपी करणं अवघड नसतं. म्हणूनच मी टॅगला शेवटी धरतो. आणि ‘मेड इन टर्की’ वाचून बिचकू नका. तुर्की हा जगातल्या मोठ्या कापड उत्पादकांपैकी एक देश, तिथल्या क्लबचा शर्ट तिथेच शिवला जाण्यात काही गैर नाही. जुन्या लेबलांवर ‘तुर्क माली’ असंही दिसेल, म्हणजे तेच.

जाहिरातींची भाषा शिकून घ्या, फोनवर तुर्की कळफलक टाका आणि मित्राकडून हे शब्द लिहून घ्या. ‘फोर्मा’ म्हणजे शर्ट, ‘इकिंजी एल’ म्हणजे जुना. ‘चुबुक्लू’ म्हणजे उभ्या पट्ट्यांचा, फेनेरबाह्चेचा पिवळा-गडद निळा. ‘पार्चाली’ म्हणजे उभे दोन भाग, गालातासरायचा पिवळा-लाल. ‘लिसान्सली’ म्हणजे परवान्याचा, ‘चाकमा’ म्हणजे सरळ नकली. जाहिरातीत ‘बिरिंजी कालिते’, ‘आ कालिते’ असं काही वाचलंत तर पुढे वाचू नका, पहिल्या दर्जाची नक्कल असाच त्याचा अर्थ. ‘सोन ने ओलुर?’ म्हणजे शेवटचं किती, हे विचारल्याशिवाय व्यवहार पुरा झाल्यासारखा वाटत नाही.

‘मॅचमध्ये घातलेला’ या दाव्यावर मी फुटकी कवडी जास्त देत नाही, जोवर त्या मॅचच्या फोटोतली एखादी खूण शर्टवर दाखवता येत नाही: शिवलेली फाट, छपाईचा वाकडेपणा, बिल्ल्याची तिरपी जागा. खेळाडूंचा माल आणि दुकानातला माल यांत फरक असतोच, खेळाडूंचा शर्ट अंगाला चिकटून बसणारा आणि कापडाने हलका. पण तसा शर्ट विकतही मिळतो, त्यामुळे तेवढ्यावरून मैदान सिद्ध होत नाही. सही केलेल्या शर्टचंही तेच. सही आवडली तर घ्या, पण साध्या शर्टच्याच किमतीला.

रिट्रो हा वेगळा सापळा. क्लब स्वतःच जुन्या डिझाइनचे शर्ट नव्याने काढून विकतात. ते पूर्णपणे अधिकृत असतात, लेबल खरं असतं, फक्त जुने नसतात. पाच वर्षं घातलेला रिट्रो शर्ट ‘नव्वदचा’ म्हणून खपवणं फार सोपं आहे. लेबलवर बारकोड, इंटरनेटचा पत्ता किंवा चौकोनी स्कॅन-कोड दिसला तर तो नव्वदच्या सुरुवातीचा नाही, एवढं तरी समजतं.

मग घ्यायचं काय? हे माझं मत आहे, गालातासरायच्या माणसाला आवडणार नाही. गालातासराय, फेनेरबाह्चे, बेशिक्ताश या इस्तंबूलच्या तीन मोठ्या क्लबांच्या प्रसिद्ध शर्टांमागे धावू नका, अनातोलियाच्या, म्हणजे इस्तंबूलबाहेरच्या क्लबांकडे वळा. बुर्सास्पोरचं उदाहरण घ्या. हिरवा-पांढरा क्लब, २००९-१० मध्ये लीग जिंकला. शेवटच्या दिवशी फेनेरबाह्चेच्या स्टेडियमवर चुकीची घोषणा झाली आणि तिथले लोक विजेतेपद समजून मैदानात उतरले, तेव्हा कप खरं तर बुर्साला गेलेला होता. पुढच्या हंगामात हेच बुर्सास्पोर चॅम्पियन्स लीगमध्ये मँचेस्टर युनायटेड, व्हॅलेन्सिया आणि रेंजर्सच्या गटात खेळलं आणि एक गुण घेऊन परतलं. त्यानंतर क्लब घसरत घसरत २०२४ मध्ये चौथ्या पायरीच्या लीगपर्यंत गेला. त्या दोन हंगामांच्या शर्टांची नक्कल करायला कारखान्यांना फारसं कारण नाही, कारण पर्यटक ते मागत नाहीत. मिळाला तर बहुतेक वेळा खराच मिळतो, आणि शर्टला गोष्टही आहे. एस्किशेहिरस्पोर, गोझतेपे, आदाना देमिरस्पोर यांचंही असंच. फक्त रंगांवरून फसू नका: गोझतेपे आणि कायसेरीस्पोर गालातासरायसारखेच पिवळे-लाल, आंकारागुजु फेनेरसारखा पिवळा-गडद निळा, इझमीरचा आल्ताय बेशिक्ताशसारखा काळा-पांढरा. लोगो न वाचता जाहिरात टाकणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्याकडेच कधी कधी घबाड सापडतं.

मोठ्या क्लबांतलंच हवं असेल तर बेशिक्ताशचा छातीवर ‘बेको’ या प्रायोजकाचं नाव लिहिलेला नव्वदच्या सुरुवातीचा शर्ट शोधा. प्रशिक्षक गॉर्डन मिल्नच्या हाताखाली १९९०, १९९१, १९९२ अशी सलग तीन विजेतेपदं, त्यातला शेवटचा हंगाम एकही मॅच न हरता. किंवा फेनेरबाह्चेचा आनेल्काचा. हा शर्ट आपल्याकडच्या माणसाने शोधावा असं मला उगाच वाटतं: निकोला आनेल्का २००५ च्या जानेवारीत फेनेरला आला, २००६ मध्ये गेला, आणि पुढे मुंबई सिटीकडून खेळला. त्याच्या पाठोपाठ फेनेरला प्रशिक्षक म्हणून आलेला झिको नंतर एफसी गोवाचा प्रशिक्षक झाला. आनेल्काच्या शर्टवर तीन तारे हवेतच, आणि तुर्कसेलचा बिल्ला असेल तर तो फक्त २००५-०६ चा. करून बघा हा हिशोब, पद्धत हातात बसेल.

जर्मनीत राहता हा तुमचा मोठा फायदा. तिथल्या तुर्की घरांमध्ये सुट्टीत गावाहून आणलेले शर्ट वर्षानुवर्षं कपाटात पडून असतात आणि घर बदलताना बाहेर निघतात. क्लाइनआनत्सायगनवर ‘स्वतः येऊन न्या’ असं लिहिलेल्या जाहिराती आधी बघा, कारण तिथे शर्ट हातात घेता येतो. पाठवून घेणार असाल तर पैसे साइटच्या सुरक्षित पेमेंटने द्या. पेपलच्या ‘मित्र आणि कुटुंब’ मार्गाने पाठवलेल्या पैशाला खरेदीचं संरक्षण नाही, आणि विक्रेता तोच मार्ग धरून बसला तर तिथेच नमस्कार करा. फोटो मागताना पाच मागा: पुढून, मागून, लोगो उलट्या बाजूने, आतलं लेबल, आणि आजची तारीख लिहिलेल्या कागदासह एक. खरा मालक कंटाळतो पण पाठवतो.

तुर्कीतल्या साहिबिंदेन, दोलाप अशा साइटवर माल जास्त आणि स्वस्त आहे, पण बाहेरच्या माणसाला तिथे सरळ खरेदी करणं जमत नाही. स्थानिक फोन नंबर, स्थानिक पत्ता लागतो. मित्राच्या नातेवाइकाच्या पत्त्यावर मागवा आणि गेल्यावर घेऊन या. जुन्या जाहिरातीतल्या लिरातल्या किमतीवर विसंबू नका. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये तिथली अधिकृत महागाई ८५ टक्क्यांच्या वर गेली होती, आणि किमती बदलत राहण्याची सवय विक्रेत्यांना तेव्हापासून पक्की लागली आहे. टपालाने जर्मनीत आणलंत तर १९ टक्के आयात विक्रीकर आणि वर टपाल कंपनीचं हाताळणी शुल्क भरावं लागतं, शिवाय नकली निघाला तर कस्टम तो अडवून ठेवू शकतं. विमानाने स्वतःबरोबर आणताना ४३० युरोपर्यंतचा माल करमुक्त आहे. सहा-सात शर्ट सहज बसतात.

इस्तंबूलमध्ये ग्रँड बझार आणि एमिनोनूच्या गल्ल्यांत टांगलेले शर्ट बघायला छान आहेत, तेवढंच. रविवारी फेरिकोयच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात सकाळी लवकर जा. तिथे मुख्यतः बिल्ले, तिकिटं, जुनी मासिकं आणि मफलर असतात, शर्ट नशिबाने. पण ज्याच्याकडे मफलर असतात त्याला विचारा, शर्ट घरी असतात आणि पुढच्या रविवारी आणतो म्हणतो. कादिकोय हा फेनेरबाह्चेचा भाग आहे. तिथल्या जुन्या कपड्यांच्या दुकानात गालातासरायचा शर्ट असेलही, पण तो मागच्या रॅकवर असेल आणि भाव उतरलेला असेल. मॅचच्या दिवशी तो घालून मात्र तिथून बाहेर पडू नका, पिशवीत ठेवा. हंगाम संपल्यावर गेलात तर फेनेरियम, जीएस स्टोअर, कार्ताल युवासी या क्लबच्या दुकानांत मावळत्या हंगामाचे शर्ट सवलतीत असतात. जुन्याच्या किमतीत नवा आणि पावतीसकट.

मापाबद्दल शेवटचं. लेबलवरच्या एल-एक्सएलवर जाऊ नका, नव्वदचा एम आजच्या एक्सएल एवढा ढगळ असू शकतो आणि खेळाडूंचा एल छातीला आवळतो. काखेपासून काखेपर्यंत आणि खांद्यापासून खालपर्यंत सेंटिमीटर विचारा, तुर्की विक्रेत्यांना ही मापं द्यायची सवय आहे. ‘१२-१३ याश’ लिहिलेलं असेल तर तो मुलांचा शर्ट आहे, म्हणूनच स्वस्त आहे. घरी आणल्यावर उलटा करून गार पाण्यात हाताने धुवा, छपाईवर इस्त्री नको आणि ड्रायरमध्ये तर मुळीच नको. मखमली नंबर ड्रायरमधून एकदा गेला की अक्षरं सालासारखी सुटतात आणि पुन्हा चिकटत नाहीत.